आजोबांचं सोन्याचं पॉकेट वॉच सराफाकडे न्यायच्या आधी हे करा

कपाटातून जुनं सोन्याचं खिशातलं घड्याळ निघालं की घरातलं कोणीतरी लगेच म्हणतं, चला सराफ बाजारात, भाव तरी काढू. थांबा जरा. सराफ कस लावणार, काच नि मशीन बाजूला काढून केसचं, म्हणजे बाहेरच्या सोन्याच्या डबीचं, वजन करणार आणि मोडीचा भाव सांगणार, त्याचा धंदाच तो. पण हे कोणाचं होतं आणि कोणाकडून कोणाकडे आलं हे दाखवता आलं तर हिशोबच बदलतो. टायटॅनिकवर बुडालेल्या अमेरिकन कोट्यधीश जॉन जेकब अ‍ॅस्टरचं घड्याळ वॉल्थमचं होतं, १४ कॅरेट, म्हणजे वॉल्थम काही दुर्मिळ कंपनी नाही, पण त्याच्या नावाची अक्षरं कोरलेली आणि पुढे ते मुलाने वापरलं हे सगळं माहीत, म्हणून २०२४ मध्ये लिलावात फी धरून पावणेबारा लाख पौंडाला गेलं.

तर आधी मागचं झाकण उघडा. सुरी, पाना काही नको, बिजागरी असेल तर कडेला नखाएवढी खाच असते तिथून उघडतं, आणि बिजागरी आहे का ते नीट बघितल्याशिवाय झाकण फिरवू नका, तुटेल. काचेवरही झाकण असलेलं घड्याळ असेल तर बंद करताना वरची चावी द्यायची गुंडी दाबून बंद करायचं, नाहीतर खटका झिजतो.

आत भिंग लावून बघा. मुकुट आणि १८ आकडा म्हणजे ब्रिटिश १८ कॅरेट, सोबत नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड असेल तर लंडन, आणि एक छोटं अक्षर असतं ते वर्षाचं. स्विस घड्याळावर बाईचा चेहरा असेल तर १८ कॅरेट, खार असेल तर १४. 'वीस वर्षं गॅरंटी' असं इंग्रजीत कोरलेलं दिसलं की समजा वर फक्त सोन्याचा पत्रा आहे, पुष्कळ लोक तिथेच फसतात. आतलं दुसरं झाकण कधीकधी साधं पितळेचं असतं तेही बघा.

केसचा नंबर वेगळा आणि मशीनचा वेगळा, दोन्ही लिहून घ्या. अमेरिकन घड्याळात मशीन एका कंपनीचं आणि केस दुसऱ्याची असायची, दुकानदार बसवून द्यायचा, त्यामुळे नंबर जुळले नाहीत म्हणून लगेच नकली म्हणू नका. वॉल्थम, एल्जिनच्या मशीन नंबरवरून साल निघतं. झाकणाच्या आत बारीक ओरखड्यांत काही लिहिलेलं असतं, ते दुरुस्त करणाऱ्याने टाकलेले नंबर, तारखा असतात, म्हणून पॉलिश बिलकुल करू नका, फोटो काढा.

आता मालकीचं, आणि खरी मेहनत इथेच आहे. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि तो जे सांगेल ते 'ऐकीव' म्हणून वेगळं लिहा, कागदावरचं वेगळं. समजा घरात सांगतात की नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनने पणजोबांना खूश होऊन दिलं. जॅक्सनला अनंत कान्हेरेंनी २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरमध्ये गोळ्या घातल्या, मग केसवरचं अक्षर १९१२ चं निघालं तर गोष्ट तिथेच संपली, काकांना कितीही वाईट वाटो. पुरावा म्हणजे मृत्युपत्र, वाटणीपत्र, जुनी सराफाची पावती (मोडी लिपीत असेल तर मोडी वाचणारा गाठा), लग्नातले फोटो ज्यात कोटावर साखळी दिसते. घरचे पूर्वी नाशिकला रामकुंडावर विधीला आलेले असतील तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत पिढ्यांची नावं सापडतात, त्यात घड्याळ नसतं पण कोण कोणाचा मुलगा ते पक्कं होतं आणि मधली पिढी सुटत नाही. मला विचाराल तर एक धड वाटणीपत्र दहा आठवणींपेक्षा भारी.

शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, त्यामुळे परदेशातल्या ग्राहकाला परस्पर कुरिअर करू नका, आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा. आणि इथेच विकलं तरी पावतीवर दोन्ही नंबर, कंपनीचं नाव आणि कोरलेला मजकूर लिहून घ्या, नुसतं 'जुने घड्याळ १ नग' अशी पावती पुढच्या मालकाच्या काहीच कामाची नाही.