मूडलवरची चाचणी: विद्यार्थ्यांना खुली करण्याआधी

मूडलमध्ये, म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याच्या प्रणालीत, चाचणी तयार करायला शिकताना पहिला प्रयोग अंतर्गत गुणांच्या परीक्षेवर करू नका. आधी ५ प्रश्नांची, गुण न धरली जाणारी सराव-चाचणी करून बघा.

प्रश्न प्रश्नपेढीतच (मूडलमधल्या प्रश्नांच्या साठ्यात) लिहा आणि प्रत्येक घटकासाठी वेगळा विभाग करा. एका विभागात १५ प्रश्न ठेवून त्यांतले ५ यादृच्छिक निवडले, की शेजारी बसलेल्या दोघांना सहसा वेगळे संच मिळतात. मात्र त्या विभागातले प्रश्न सारख्याच काठिण्याचे हवेत. नाहीतर एकाला सोपा आणि दुसऱ्याला अवघड संच जातो, आणि मग तक्रार रास्तच असते.

खरी मेहनत अभिप्रायावर घ्या. प्रत्येक चुकीच्या पर्यायाला तो नेमका कुठे चुकतो हे एका वाक्यात लिहा. वेळखाऊ आहे, पण विद्यार्थी शिकतो ते तिथेच. एकाहून अधिक वेळा सोडवू देणार असाल, तर बरोबर उत्तर चाचणी बंद झाल्यावरच दिसेल अशी सेटिंग ठेवा.

एकाही विद्यार्थ्याने चाचणी सोडवायला घेतली, की तिच्यात प्रश्न वाढवता किंवा काढता येत नाहीत. म्हणून आधी एखाद्या सहकाऱ्याला विद्यार्थी म्हणून नोंदवून ती मोबाईलवर सोडवायला सांगा. रुंद तक्ते आणि चित्ररूपातली सूत्रं लहान पडद्यावर वाचता येत नाहीत, हे तेव्हाच कळतं. सहकाऱ्याचा तो प्रयत्न आठवणीने पुसा, मगच प्रश्न वाढवता किंवा काढता येतात.