खोलीतली वाफेची रेल्वे: नागपूरच्या हवेत या चुका टाळा

खऱ्या वाफेवर चालणारं मॉडेल इंजिन अडलं की बरेच जण आधी पाना हातात घेतात. बर्नर खोलतात, व्हॉल्व्हचं टायमिंग हलवतात आणि धडधाकट इंजिन बिघडवून बसतात. पुष्कळदा दोष इंजिनात नसतोच. खोलीतली हवा, बॉयलरमधलं पाणी, टाकीतला गॅस किंवा रुळाचा उतार, यातलं काहीतरी चुकलेलं असतं. डिसेंबरची पहाट १० अंशांच्या आसपास आणि नवतप्यातली दुपार ४५ च्या पुढे, अशा गावात तर पान्याला हात लावण्याआधी खोली तपासावी. खालचं सगळं ३२ आणि ४५ मि.मी. रुंदीच्या रुळावरच्या, ब्युटेन किंवा स्पिरिटवर चालणाऱ्या इंजिनांबद्दल आहे.

गॅसची खुंटी

शुद्ध ब्युटेनचा दाब २० अंशांना वातावरणापेक्षा साधारण १.१ बारने जास्त असतो, ४५ अंशांना तो ३.३ बारच्या आसपास जातो. म्हणजे हिवाळ्यात जितकी खुंटी उघडायची सवय लागली, तितकीच मे महिन्यात उघडली तर जेटमधून, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीतून, कितीतरी जास्त गॅस येतो. ज्योत बर्नरवर बसत नाही, घोंघावते आणि धुराड्याच्या तोंडाशीच जळत राहते. लोकांना वाटतं जेट खराब झाला. जेट ठीक असतो. खुंटी जेमतेम उघडा, बारीक फुस्स ऐकू आलं की धुराड्यावर लायटर धरा. ‘पॉप’ आवाज होऊन ज्योत आत गेली पाहिजे. नाही गेली तर गॅस आणखी कमी करा. हिवाळ्यात उलटी तक्रार येते, ज्योत मरगळलेली आणि दाब चढत नाही. त्यावर गॅसचा डबा गरम करणं हा उपाय नव्हे, तो कधीच करू नये. इंजिन थोडं तापलं की टाकीही ऊब धरते आणि ज्योत आपोआप सुधारते.

गॅस भरताना डबा उलटा आणि अगदी सरळ धरायचा. नोझल तिरकं झालं की अर्धा गॅस बाहेर जातो. पहिली फेरी संपल्यावर टाकी गरम असते, तेव्हा तिच्यातला दाब डब्याइतकाच असतो आणि गॅस आत शिरतच नाही. अशा वेळी टाकीवर ओलं फडकं गुंडाळून पाच-दहा मिनिटं थांबा. हे काम बाल्कनीत करा. ब्युटेन हवेपेक्षा जड असतो, तो फरशीवर साचतो आणि दिसत नाही. घरगुती सिलिंडरमधला गॅस या टाकीत भरायची शक्कल कुणी सांगितली तर साफ नाही म्हणा. त्यात प्रोपेन असतो, त्याचा दाब कितीतरी जास्त असतो आणि ही टाकी त्यासाठी बनवलेली नसते.

जेट खरोखर तुंबलाच, तर त्यात तार घालू नका. भोक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतकं किंवा त्याहूनही बारीक असतं, एकदा मोठं झालं की जेट बदलावाच लागतो. तो काढून सॉल्व्हंटमध्ये भिजवा आणि उलट्या बाजूने हवा मारा. जेटच्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावणं ही तर हमखास तुंबण्याची सोय आहे. टेपचा एक तंतू सुटला की पुरे. द्रव सीलंटचा एक थेंब लावा.

कूलर आणि बंद खोली

उन्हाळ्यात कूलरशिवाय खोलीत बसवत नाही, हे खरं. पण कूलरचा झोत स्पिरिटची ज्योत आडवी करतो, आणि त्याच्या दमट हवेने रुळावर ओल धरते. चाकं जागच्या जागी फिरू लागतात, लोक वजन वाढवत बसतात. गाडी चालू असताना कूलर बंद ठेवा, खिडकी उघडी ठेवा आणि वर एक्झॉस्ट फॅन लावा. सीलिंग फॅनही नको. दारं-खिडक्या लावून एसी चालू केलेली खोली सगळ्यात वाईट. लालभडक झालेल्या सिरॅमिक बर्नरला अरुंद फ्लूमध्ये (बॉयलरमधल्या धुराच्या नळीत) हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो. त्याचा अलार्म खोलीत हवाच.

स्पिरिटची ज्योत उजेडात दिसत नाही. सांडलेल्या स्पिरिटवर प्लॅस्टिकचे स्लीपर वितळेपर्यंत पत्ता लागत नाही. इंजिन पेटवण्याची जागा फरशीच्या तुकड्यावर ठेवा आणि पाण्याचा स्प्रे हाताशी असू द्या. स्पिरिट पाण्यात मिसळतं, म्हणून ते पाण्याने विझतं.

पाणी आणि तेल

बोअरचं पाणी बॉयलरमध्ये घालू नये, हे बहुतेकांना माहीत असतं. आरओचं पाणी चालेल असं मात्र सर्रास मानलं जातं. त्यातही क्षार उरतात आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या बैठकीवर साचतात. डिस्टिल्ड पाणी वापरा. बॅटरीच्या बाटलीवर ‘डिमिनरलाइज्ड’ लिहिलेलं असेल तर ते पाणी वेगळं, ते पितळेतलं जस्त ओढतं म्हणून काही उत्पादक नको म्हणतात. मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरी सोडून स्वच्छ भांड्यात धरलेलं, गाळलेलं पावसाचं पाणीही उत्तम.

बॉयलर काठोकाठ भरून सिरिंजने एक पंचमांश पाणी परत काढायचं. १५० मि.ली.चा बॉयलर असेल तर ३० मि.ली. वाफेला जागाच ठेवली नाही तर पाणी इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जातं आणि धुराडं उकळतं पाणी थुंकतं. इंजिन थंड असतानाही सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतंच. खऱ्या इंजिनाला ते काढायला सिलिंडर कॉक असतात, छोट्या मॉडेलला बहुधा नसतात. म्हणून रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारा व्हॉल्व्ह) किंचित उघडून, फडक्याने धरून, इंजिन हळूहळू पुढे-मागे ढकलायचं. अडलं तर जोर लावू नका, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गॅस संपला की फक्त गॅस भरून पुन्हा निघणं. बहुतेक गॅसच्या इंजिनांत पाण्याआधी गॅस संपेल असंच माप ठेवलेलं असतं, तेच त्यांचं संरक्षण. गॅस भरला की पाणीही भरायचं, अपवाद नाही. ज्योत जोरात आहे आणि दाब मात्र झरझर उतरतोय, असं दिसलं तर त्या क्षणी गॅस बंद. कोरड्या बॉयलरचे सांधे उकलतात.

तेल ४६० ग्रेडचं स्टीम सिलिंडर ऑइलच हवं. गाडीचं इंजिन ऑइल वाफेत धुऊन जातं. इतवारी बाजारात ४६० आकडा सांगून गिअर ऑइलही मिळेल, पण त्यातली काही रसायनं पितळ-ब्राँझ खातात, तेव्हा डब्यावरचं नाव नीट वाचा. प्रत्येक फेरीनंतर ल्युब्रिकेटरच्या (वाफेत तेल सोडणाऱ्या कुपीच्या) तळाचं पाणी सिरिंजने ओढून काढल्याशिवाय नवं तेल ओतू नका. पाण्यावर तेल भरलं तर जेमतेम चमचाभर मावतं, आणि पिस्टन कोरडे पळतात.

माप बरोबर असूनही धुराडं सतत थुंकत असेल, तर बॉयलरमध्ये तेल गेलेलं आहे असं समजा. इंजिन थंड होताना बॉयलरमध्ये पोकळी तयार होते आणि ती ल्युब्रिकेटरमधलं तेल मागे ओढते. तेलामुळे पाणी फेसाळतं. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून खळखळवा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, कारण उरलेला साबणही फेसाळतोच.

सेफ्टी व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून दाब वाढवणं निव्वळ धोका आहे. इंजिन ४० पीएसआयचं असेल तर ४० लाच वाफ सुटली पाहिजे.

रूळ

विजेच्या गाडीला चालणारा मांडणीचा उतार वाफेच्या गाडीला चालत नाही. रेग्युलेटर एकदा लावला की इंजिन चढावर दम टाकतं आणि उतारावर सुसाट सुटतं. टेबल गवंड्याच्या लेव्हल पाइपने तपासा, मीटरमागे २ मि.मी.पेक्षा जास्त फरक नको. तीव्र वळणाचा अंडाकृतीही असाच त्रास देतो, वळणात घासून मंदावलेली गाडी सरळ मार्गावर उधळते आणि पुढच्या वळणाला बाहेर पडते. १० बाय १२ फुटांच्या खोलीत भिंतीपासून १५ सें.मी. सोडून १.३ मीटर त्रिज्येचं वर्तुळ बसतं. तेच घाला, इंजिनावरचा भार सगळीकडे सारखा राहतो.

कडबी चौकातल्या नॅरोगेज संग्रहालयात पाहिलेल्या ७६२ मि.मी.च्या गाड्या ३२ मि.मी. रुळावर बनवायच्या असतील तर प्रमाण साधारण १:२४ येतं. १:१९ चे डबे त्यांच्यासोबत जोडले की उंची जुळत नाही.

पितळी रूळ हिवाळ्यात टोकाला टोक भिडवून ठोकले तर उन्हाळ्यात फुगवटा येणारच. ८ मीटरच्या वेढ्यात १५ ते ४२ अंशांमध्ये ४ मि.मी. वाढ होते, ती सांध्यांत वाटून द्या. खालचा प्लायवुड १८ मि.मी.चा, दोन्ही बाजू आणि कडा रंगवलेला असावा. एकच बाजू रंगवलेली फळी कूलरच्या दमटपणात आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत आलटून पालटून वाकते.

गाडी थांबवताना ज्योत विझवा, दाब शून्यावर येऊ द्या आणि रेग्युलेटर बंद करून बॉयलरचं झाकण सैल करा, म्हणजे पोकळी धरत नाही. मग ल्युब्रिकेटर रिकामा करा आणि रुळावरची तेलाची साय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावर.