आधी माशाचं तोंड बघा, मग गळ घ्या

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमधली पोरं दर दोन-चार महिन्यांनी विचारतात, "भाऊ, रॉड कुठला घेऊ?" मी उलट विचारतो, मासा कुठला धरायचाय? तो विचार बहुतेकांनी केलेलाच नसतो. दुकानात जातात, चकचकीत रॉड उचलतात, त्यावर मोठं रीळ चढवतात, दुकानदार देईल ते गळ घेतात आणि दिवसभर उन्हात बसून रिकाम्या हाताने परत येतात. माझं सांगणं असं की खरेदी उलट्या बाजूने करा. आधी मासा ठरवा, मग गळ, मग तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, मग फ्लोट म्हणजे दोरीला बांधलेली तरंगती खूण, आणि शिसं. रॉड सगळ्यात शेवटी.

हे मला अण्णांनी शिकवलं. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यावर. १९८० साली धरण झालं, नदीकाठची आमची काळी जमीन पाण्याखाली गेली आणि अण्णा त्याच पाण्यावर मासे धरायला शिकले. त्यांच्याकडे रॉड नव्हताच. चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, बारा-तेरा फुटी काठी, तिच्या शेंड्याला काठीएवढाच तंगूस, आणि ज्वारीच्या वाळक्या धाटाचा बोटभर तुकडा फ्लोट म्हणून. मला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा त्यांनी एक कटला आणि एक मृगळ ओल्या पोत्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "तोंड बघ. ह्यो वर बघतोय, ह्यो खाली बघतोय."

खरंच तसं आहे. कटल्याचं डोकं भलंमोठं, खालचा जबडा पुढे येऊन वर वळलेला. तो वरच्या थरात फिरतो, पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव गाळून खातो. रोहूचं तोंड किंचित खालच्या बाजूला, ओठांना झालर. तो मधल्या थरातला, शेवाळ आणि पाणवनस्पती खुडणारा. मृगळ तळाचा, गाळातलं कुजकंमुजकं खाणारा. सायप्रिनसला, म्हणजे कॉमन कार्पला, तोंडाशी मिशा असतात, तो तोंड नळीसारखं पुढे काढून गाळ उकरतो, म्हणून तो चरत असला की पाण्यावर बारीक बुडबुड्यांची ओळ उठते. आणि चिलापी, म्हणजे तिलापिया. हा मासा इथला नव्हे, १९५२ साली भारतात आणला गेला, आणि आज उजनीच्या काठावर गळ टाकला की पहिली ओढ बहुतेक वेळा त्याचीच. तोंड लहान, भूक मोठी, काठाजवळ वावर. नवशिक्याने सुरुवात चिलापीवरच करावी.

आता गळ. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे उलटं गणित डोक्यात पक्कं बसवा. एक नंबरच्या पुढे मात्र १/०, २/० असं लिहितात आणि तिथून गळ मोठा होत जातो. चिलापीला ८ किंवा १० नंबर, रोहू-मृगळाला ४ ते ६, मोठ्या कटल्याला १ किंवा १/०. एवढ्यात तुमचं सगळं काम भागतं. धार आहे का ते बघायला गळाचं टोक अंगठ्याच्या नखावरून हलकेच ओढा. टोक नखात अडकलं तर गळ चांगला, घसरलं तर टाकून द्या. आणि गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. तंगूस ताणलेला ठेवला तर मासा सुटत नाही, आणि लहान मासा सोडताना त्याचा ओठ फाटत नाही. मी गेली दहा-बारा वर्षं एकही गळ काटा न दाबता पाण्यात टाकलेला नाही.

गाठ एकच शिका, पण ती डोळे मिटून मारता आली पाहिजे. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवा, टोक मूळ तंगुसाभोवती पाच-सहा वेळा पिळा. मग ते टोक गळाच्या डोळ्याला लागून जो बारीक फासा राहिलाय त्यातून घाला, आणि त्यामुळे जो मोठा फासा तयार झालाय त्यातून परत काढा. आता थुंकी लावा. हे विसरू नका. कोरडी गाठ आवळताना घासून तापते आणि तिथेच तंगूस कमजोर होतो. ओली करून सावकाश ओढली की वेढे एकमेकांना चिकटून स्प्रिंगसारखे बसतात. एखादा वेढा दुसऱ्यावर चढला असेल तर कापून पुन्हा मारा.

तंगूस चिलापीला ०.२० मिलिमीटर पुरतो, रोहू-कटल्याला ०.३० ते ०.३५. त्याहून जाड घेऊन फायदा नाही, आमिष जड दिसतं आणि फेक आखूड पडते. उन्हात पडलेला तंगूस कडक होतो, म्हणून वर्षाला बदला.

फ्लोट म्हणजे तुमचा पाण्यातला डोळा. दुकानातला जाड लाल-पांढरा गोळा घेऊ नका, त्याला खाली ओढायला माशाला जोर लावावा लागतो आणि त्याला तिथेच शंका येते. बारीक, लांबट फ्लोट घ्या आणि खाली शिशाचे दाणे इतके लावा की पाण्याबाहेर फक्त अर्धा इंच टोक राहील. मग खोली मोजा. गळाला शिशाचा एक जड तुकडा तात्पुरता अडकवा आणि हवं तिथे टाका. फ्लोट बुडाला तर वर सरकवा, आडवा पडला तर खाली. टोक जेमतेम पाण्याबाहेर उभं राहिलं की फ्लोटपासून गळापर्यंतचं अंतर म्हणजे तिथली खोली. पाच मिनिटांचं काम, आणि शंभरातले नव्वद जण ते करत नाहीत. मृगळ-सायप्रिनससाठी आमिष तळाला टेकवा, रोहूसाठी तळापासून दोन-तीन फूट वर, कटल्यासाठी पृष्ठभागाखाली तीन-चार फूट.

पण कुठे टाकायचं? यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण भारी सामान चुकीच्या जागी टाकलं तर ते पाण्यातच पडून राहतं. २०२४च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या पाणीसाठ्याच्याही खाली, खूप खाली गेली. पळसदेवला पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं, लोक बघायला आले. मी मात्र आमच्या काठावरून, भेगा पडलेल्या घट्ट जागा बघत, जुन्या रानात फिरलो. पाण्याखाली चाळीस-एक वर्षं राहिलेले बांध अजून जागेवर होते. एका विहिरीचं दगडी तोंड, एक जुनी गाडीवाट, बाभळीची खोडं. प्रत्येक ठिकाणी उभं राहून मी काठावरच्या खुणांसह फोटो काढले, मागे पंपाची खोली, डावीकडे लिंबाचं झाड, असे. पाणी परत भरल्यावर त्याच खुणा धरून गळ टाकला. मासे सपाट गाळावर रेंगाळत नाहीत, ते बांधाच्या कडेने फिरतात, जशी गुरं बांधाच्या कडेने चरतात. तुमच्या जवळच्या तलावाचं पाणी एप्रिल-मेमध्ये खाली गेलं की एक फेरी मारा आणि वहीत नकाशा काढा. मात्र ओल्या गाळात पाय घालू नका. वरून वाळलेला दिसणारा गाळ माणसाला कमरेपर्यंत ओढतो.

वाऱ्याकडेही बघा. वारा ज्या काठाकडे वाहतो तिकडे पाण्यातलं बारीक अन्न लोटलं जातं आणि त्यामागे कटला येतो. वारा तोंडावर घेऊन बसायला त्रास होतो, फेक जड जाते, तरी तिथेच बसा. थंडीत डिसेंबर-जानेवारीला पहाटे उठून काही मिळत नाही, अकरा ते तीन या वेळेत पाणी जरा तापतं तेव्हा मासा तोंड उघडतो. उन्हाळ्यात नेमकं उलट, तांबडं फुटताना आणि दिवस मावळताना.

आमिषाचं लोक फार गूढ करतात. चिलापीला गांडुळाचा नखाएवढा तुकडा बस झाला, अख्खं गांडूळ लावलं तर ती टोकं कुरतडून नेते. रोहू-कटल्यासाठी माझं माप असं: एक वाटी कणीक, अर्धी वाटी शेंगदाण्याच्या पेंडीची पूड, चमचाभर भाजलेल्या मेथीची पूड. पाणी हळूहळू घालून पुरीच्या कणकेइतकं घट्ट मळा. मग कापसाचा लिंबाएवढा पुंजका घ्या, त्याचे तंतू विंचरल्यासारखे मोकळे करा आणि कणकेत मळून टाका. अण्णांची ही युक्ती. साधी कणीक पाण्यात पाच-सात मिनिटांत विरघळते आणि तुम्ही नुसत्या गळाकडे तासभर बघत बसता. कापूस घातलेली गोळी अर्धा-पाऊण तास टिकते. गोळी बोराएवढी करा आणि गळाचं टोक किंचित बाहेर राहू द्या.

बसल्याबरोबर फ्लोटच्या जागी भिजवलेली पेंड आणि तांदळाचा कोंडा यांचे तीन-चार लाडू टाका, पुढे दर अर्ध्या तासाला एक. पोटभर घातलं तर मासा गळाकडे बघत नाही. स्प्रिंगभोवती कोंड्याचा गोळा आणि त्याला सहा-आठ गळ, असा प्रकार धरणांवर सर्रास चालतो. मला तो पटत नाही. कटला गोळा चोखायला येतो आणि दोन-तीन गळ गालात, डोळ्यात रुततात. एक गळ, फार तर दोन.

ओढ ओळखायला शिका. चिलापी टुकटुक करून फ्लोट नाचवते, तेव्हा हिसका देऊ नका. तो तिरका सरकला की मनगटाने हलकासा द्या. रोहू फ्लोट बाजूला नेत सावकाश बुडवतो. मृगळ आमिष उचलतो तेव्हा शिशाचा भार सुटतो, फ्लोट वर येतो आणि आडवा पडतो. नवखा माणूस तेव्हा फ्लोट दुरुस्त करायला जातो, खरं तर तीच हिसक्याची वेळ. मरळ आणि शिंगाळा हे शिकारी, त्यांचं सामान आणि रीत वेगळी. एवढंच सांगतो की मरळीच्या तांबूस पिलांचा थवा पृष्ठभागावर दिसला तर आई-बाप खाली राखण करत असतात, त्यांच्यावर गळ टाकू नका. शिंगाळा चुकून लागला तर त्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांपासून बोटं लांब ठेवा.

आता रॉड. चिलापीला चिव्याची काठीच उत्तम, रीळ लागत नाही. रोहू-कटल्याला नऊ-दहा फुटी, मधून वाकणारा फायबर ग्लासचा रॉड आणि ३००० किंवा ४००० आकाराचं साधं स्पिनिंग रीळ. ताठ रॉड घेऊ नका, वाक हाच माशाचा धक्का पचवतो. रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रीळ सुटेल ते ठरवणारा ब्रेक, घरीच लावा. तंगुसाचं टोक सामान तोलायच्या हातकाट्याला बांधा आणि रॉड धरून ओढा. तंगूस पाच-साडेपाच किलोची ओढ सोसणारा असेल तर काटा दीड किलो दाखवताना रीळ सुटायला लागलं पाहिजे. हे मी एका कटल्यापायी शिकलो. दिवस मावळताना लागला होता, आणि मासा निसटेल या भीतीने मी ड्रॅग गच्च आवळलेला. पहिल्याच धावेत गाठीशी तंगूस तुटला. मासा गेल्याचं मला एवढं वाटलं नाही, पण गळ त्याच्या ओठात घेऊन तो गेला, हे मनातून जात नाही. तेव्हापासून मोठा मासा पळू लागला की मी त्याला पळू देतो, थांबला की रॉड वर उचलतो, खाली आणताना रीळ गुंडाळतो.

कार्बनचा रॉड घेतलात तर आधी वर बघा. फुगवट्याच्या काठाने शेतीपंपांच्या तारा लोंबत असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. तारेखाली रॉड उभा करू नका, फेक तर मुळीच नको. वळवाचे ढग गडगडू लागले की रॉड जमिनीवर आडवा ठेवून काठापासून दूर व्हा.

बसण्याआधी परवानगी विचारा. बहुतेक जलाशयांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो आणि तिथल्या माणसांचं पोट त्या पाण्यावर आहे. विचारलं की सहसा नाही म्हणत नाहीत, उलट मासा कुठे चालू आहे तेही सांगतात. जुलै-ऑगस्टमध्ये नव्या पाण्याबरोबर रोहू, कटला, मृगळ अंडी घालायला वर चढतात, तेव्हा मी जात नाही. सोडायचा मासा ओल्या हाताने धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग जखम चिघळते. पोटाखाली हात देऊन पाण्यात उभा धरा, शेपूट मारून तो आपण होऊन जाईल. चिलापी मात्र घरी न्या, तिला परत सोडून या पाण्याचं काही भलं होत नाही.

आणि तुटलेला तंगूस काठावर टाकू नका. भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात, चित्रबलाक तर कायमचे. पायाला तंगुसाचा गुंता घेऊन लंगडणारा एक बलाक मी आमच्याच काठावर पाहिलाय, जवळ गेलो की उडायचा, पुन्हा दूर जाऊन उतरायचा, मला काही करता आलं नाही. माझ्या पिशवीत झाकणाची एक रिकामी बरणी असते. गाठ कापल्यावर उरलेलं टोक, गुंता झालेला तंगूस, दुसऱ्या कुणी टाकलेला सापडला तर तोही, सगळं त्यात जातं आणि घरी आल्यावर मी ते कात्रीने बोटभर तुकडे करून मगच कचऱ्यात टाकतो.