मार्स्ट्रांडला जाताय? आधी वारा बघा

स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या आम्हा मराठी लोकांकडे उन्हाळ्यात पाहुणे आले की एक दिवस जवळच्या मार्स्ट्रांड बेटाचा ठरलेलाच. मी किती वेळा गेलोय ते मोजणं केव्हाच सोडलंय. निघायच्या आदल्या रात्री कुणीतरी हमखास सल्ल्यांची यादी पाठवतं: किल्ला बघा, कोळंबीचं सँडविच खा, बंदरावर फोटो काढा. हे न सांगताही होतंच. ज्या जागी माझा घोटा सुजला, तिच्याबद्दल त्या यादीत एक अक्षर नसतं.

जायचं कसं, ते सोपं आहे. गोथेनबर्गच्या मुख्य रेल्वे स्टेशनाला लागूनच नील्स एरिकसन बसस्थानक आहे. तिथून साधारण तासाभरात कूओन बेटावर पोचता, आणि पलीकडच्या मार्स्ट्रांड बेटावर छोटी फेरीबोट दोन-तीन मिनिटांत नेते. तिकीट वेस्टट्राफिक या इथल्या सार्वजनिक वाहतूक कंपनीच्या ॲपवर काढा आणि त्याची मुदत किती वाजता संपते ते बघून ठेवा. गाडी नेणार असाल तर ती कूओनवरच लावावी लागते, कारण बेटावर गाड्यांना बंदी आहे. जुलैत दहानंतर पार्किंग मिळेल अशी आशा ठेवू नका. शनिवार-रविवार टाळा. जुलैच्या सुरुवातीला सहसा शिडाच्या बोटींच्या शर्यती असतात. त्यात रस नसेल तर तो आठवडाही सोडा.

आता प्रदक्षिणा. बेटाला पायी फेरी मारायला रमतगमत तास-दीड तास लागतो, आणि माझ्या मते मार्स्ट्रांडला जायचं ते त्यासाठीच. किल्ला आधी आणि प्रदक्षिणा नंतर, हा सल्ला साफ चुकीचा आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरचा वारा वाढतो, पाय दमलेले असतात आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही उघड्या खडकांवर पोचता. सकाळी उतरल्या उतरल्या प्रदक्षिणेला लागा. किल्ला कुठे पळून जात नाही.

आदल्या रात्री हवामान बघताना तापमानाकडे कमी लक्ष द्या, वाऱ्याकडे जास्त. इथे वारा मीटर प्रति सेकंदात सांगतात. आपल्याला ताशी किलोमीटरची सवय, त्यामुळे 10 हा आकडा दिसला की मंद झुळूक वाटते. प्रत्यक्षात तो ताशी 36 किलोमीटर होतो. शेजारी कंसात दिलेला आकडा झोतांचा असतो, तो आणखी मोठा. माझा नियम असा: 10 च्या वर असेल तर समुद्राकडच्या खडकांवर उतरायचं नाही, वरच्या पायवाटेनेच जायचं. सोबत लहान मुलं किंवा आई-बाबा असतील तर 8 लाच थांबायचं. जुलैतसुद्धा वारा अडवणारं जाकीट लागतं. हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो आणि प्रत्येक पाहुणा ते घरी विसरून येतो.

आणि खडक. मी रत्नागिरीकडचा, कातळावर अनवाणी वाढलेला. पहिल्या वेळी सासूबाईंना मोठ्या तोऱ्यात म्हणालो, 'माझ्या मागून या, मला सवय आहे.' दहा पावलांत मी पाठीवर आणि सासूबाई उभ्याच. आपला जांभा खरखरीत असतो, पाय धरून ठेवतो. बोहुसलेनचा, म्हणजे या किनारपट्टीचा, खडक हिमयुगात बर्फाने घासून काढलेला आहे. कोरडा असेल तर त्यावर चालण्यासारखं सुख नाही, पण ओला झाला की साबण लावलेली फरशी.

त्यातही पाण्यालगत जो काळा पट्टा दिसतो, त्यावर पाय ठेवायचाच नाही. तो खडकाचा रंग नसतो, वर चिकटून वाढलेला जिवंत थर असतो. भिजला की त्यावर कुठलाच बूट टिकत नाही, महागडा ट्रेकिंगचासुद्धा नाही. वरच्या बाजूला भेगांतून पाणी झिरपतं तिथेही असेच काळे ओघळ असतात, आणि मी पडलो तो अशाच एका ओघळावर, पाण्यापासून चांगला लांब. म्हणून घरी एकच वाक्य पाठ करून घेतलंय: काळ्यावर पाय नाही. पाऊस पडून गेला असेल तर रंग बघत बसू नका, उतरूच नका.

ओहोटी लागली की जाऊ, हा कोकणी हिशेबही इथे लागू नाही. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीत-दीड वीत. पाणी वर-खाली होतं ते जास्त करून वाऱ्याने आणि हवेच्या दाबाने. लांबून मोठी बोट गेली की तिची लाट बऱ्याच वेळाने येते, आणि तेव्हा बोट कुणाच्या लक्षातही नसते. फोटोसाठी खाली जायचंच असेल तर आधी दहा मिनिटं बसून पाणी कुठवर चढतंय ते बघा.

वाटेत नोलेन्स ओगा, म्हणजे सुईचं नेढं, लागतं. खडकांमधली अरुंद फट आहे. सॅक पाठीवरून काढून हातात घ्या. अडकल्यावर काढता येत नाही, मागच्यांची रांग मात्र वाढत जाते. बाबागाडी इथे आणू नका. उघड्या बाजूने बाहेर बघितलं तर 1868 सालचं पातर नोस्तर दीपगृह दिसतं. स्वच्छ हवेत त्याची लोखंडी जाळी ओळखू येते.

मग किल्ला. कार्लस्टेन बांधायला घेतला 1658 मध्ये, डेन्मार्कशी झालेल्या रोस्किल्डच्या तहाने बोहुसलेन स्वीडनकडे आल्यावर. बरंचसं काम बेड्या घातलेल्या कैद्यांनी केलं. 1719 मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या आरमाराच्या टोर्डेनस्क्योल्डने तो घेतला आणि किल्ला हवाली करणाऱ्या किल्लेदाराचं डोकं स्वीडिश सरकारने उडवलं. बायकांच्या वेशात चोऱ्या करणारा लासे-माया 1813 पासून पंचवीसेक वर्षं इथे कैदेत होता. त्याच्या हातची चव चांगली होती म्हणतात. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, त्या बघून जा. बुरुजावर चढाच.

गल्ल्यांतून खाली उतरताना लाकडी घरं लागतात. 1775 ते 1794 या काळात हे मुक्त बंदर होतं. परदेशी व्यापाऱ्यांना इथे राहता येई, ज्यूंनाही, आणि त्या काळच्या स्वीडनमध्ये ही साधी गोष्ट नव्हती.

खाणं महाग आहे, आणि शाकाहारी माणसाच्या वाट्याला बहुधा बटाटा येतो. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो, खडकावर बसून खातो, कुणी काही म्हणत नाही. रोख पैसे नेऊ नका, कार्ड न्या. पोहायचं असेल तर लाल जेलीफिश दिसते का ते आधी बघा. तिच्या लांब तंतूंनी अंगाची आग होते.

परतीची बस कूओनहून सुटते, बेटावरून नाही. बसच्या वेळेतून फेरीबोटीची वाट बघायचा वेळ वजा करा, आणि जुलैत तिच्या रांगेचाही. एकदा आम्ही आइस्क्रीम संपवत धक्क्यावर उभे होतो. समोर, पाण्यापलीकडे, आमची बस दिवे लावून उभी होती. मग दार मिटलं आणि ती निघून गेली. पुढचीला तास होता.