वॉर्डातले विद्यार्थी आणि पेशंटची माणसं: या चुका टाळा

बेळगावच्या शिकवणाऱ्या दवाखान्यांत खानापूर, निपाणी, चंदगडकडचे पेशंट येतात. खाटेजवळ घरचं माणूस बसलेलं असतं, आणि त्याच्याशी सगळ्यात जास्त बोलतात ते इंटर्न आणि नर्सिंगचे विद्यार्थी. हे त्यांच्यासाठी.

‘उपाशी ठेवा’ एवढंच सांगणं
ही सगळ्यात धोक्याची चूक. आपल्याकडे उपासाला चहा, केळं, साबुदाणा चालतो. ऑपरेशनच्या सकाळी सून बशीतून चार घोट चहा पाजते आणि विचारलं तर मनापासून सांगते, ‘उपाशीच हायत.’ भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत उतरू शकतं. म्हणून पदार्थांची नावं घ्या: हलकं खाणं, दूध, दुधाचा चहा भुलेच्या किमान 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधी बंद. तळलेलं, मटण असं जड जेवण असेल तर त्याहून जास्त वेळ लागतो. भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळायची. ‘रात्री 12 नंतर चहासुद्धा नाही’ असं मराठीत लिहून खाटेला लावा, कारण रात्री सोबतीला दुसरंच कुणीतरी येतं.

पाणी मोजायला सांगून माप न देणं
किडनीच्या किंवा हृदयाच्या पेशंटला डॉक्टरांनी दिवसाला 1 लिटर ठरवून दिलं, तर घरचे तांब्यातलं पाणी तेवढं धरतात. चहा, ताक, आमटी, पेज हिशेबात येतच नाही. त्यांचाच पेला मापाच्या जगनं एकदा मोजा. 200 मिलीचा असेल तर सगळं मिळून 5 पेले. दर पेल्याला कागदावर एक रेघ. लघवीची पिशवी न मोजता ओतू नका, हेही तेव्हाच सांगा.

‘समजलं का?’
याला ‘व्हय’च येणार. ‘मावशी, घरी ही गोळी कधी द्याल, दाखवा बघू’ असं विचारा. कन्नड किंवा मल्याळी विद्यार्थ्यानं पेशंटच्या शाळकरी नातवाला दुभाषा करू नये. मराठी येणाऱ्या सिस्टरना बोलवा.

झाडपाल्याचं औषध दिलंय का, हे रागावून विचारलं तर लपवलं जातं. कावीळ असेल तर ‘आधी कुठं दाखवलं, काय दिलं?’ असं सहज विचारा आणि केस पेपरवर लिहा.

‘कधी सोडणार?’ याला तिघांनी तीन उत्तरं देऊ नयेत. ‘सरांना विचारून 4 वाजता सांगतो’ म्हणा, आणि उत्तर मिळालं नसलं तरी 4 वाजता खाटेजवळ जाऊन तसं सांगा.