ज्याओझचा बेत: मित्रांना जेवायला नाही, करायला बोलवा

उत्तर चीनमध्ये चांद्र नववर्षाच्या आदल्या रात्री सगळं घर टेबलाभोवती बसून ज्याओझ करतं. मैद्याच्या पातळ पारीत सारण भरायचं, कडा मिटायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायचं. लीड्सला शिकत असताना मी ते ईशान्य चीनमधल्या शेनयांगच्या एका वर्गमैत्रिणीकडून शिकले. ती जेवायला बोलवायची तेव्हा ओट्यावर नुसतं पीठ आणि सारण असायचं. आल्या आल्या हात धुवायचे आणि कामाला लागायचं. परदेशात नव्या ओळखी वाढवायला याहून चांगला बेत मला माहीत नाही. हात गुंतले की बुजरी माणसंही बोलायला लागतात. म्हणून पाहुणे येण्याआधी सगळं करून ठेवायचा मोह टाळा. होस्टेलच्या स्वयंपाकघरासाठीही हा पदार्थ सोयीचा आहे. मोठ्या आचेवर परतलं की धुराचा अलार्म वाजायची धास्ती असते, इथे नुसतं पाणी उकळायचं.

आधी विचारून घ्या. डुकराचं मांस, अंडं, गहू, तीळ यांतलं कोण काय खात नाही? सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. चिनी स्वयंपाकातली शाओशिंग वाइन ही तांदळाची दारूच आहे आणि ऑइस्टर (कालवांचा) सॉस शाकाहारी नाही. 'फक्त भाज्याच आहेत' असं सांगताना या बाटल्या विसरल्या जातात.

पीठ. चौघांसाठी ५०० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि साधारण २५० मिलि गार पाणी. आटा नको, पारी फाटते. पाणी थोडंथोडं घालत चॉपस्टिकने ढवळा, मग घट्टसर मळा. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा आणि पुन्हा मळा. सुरुवातीला खडबडीत वाटणारा गोळा आता गुळगुळीत होतो.

सारण. मांसाहारी सारणासाठी ४०० ग्रॅम चिनी कोबी (ब्रिटनमध्ये तो 'चायनीज लीफ' या नावाने मिळतो) बारीक चिरून चमचाभर मीठ लावा. पंधरा मिनिटांनी घट्ट पिळा. पाणी राहिलं तर पारी ओली होऊन फुटते. ३०० ग्रॅम डुकराच्या खिम्यात आलं, कांद्याची पात, दोन मोठे चमचे सोया सॉस आणि चमचाभर तिळाचं तेल घाला. तीन-चार चमचे पाणी जिरवत एकाच दिशेने ढवळत राहा. खिमा चिकट झाला की कोबी मिसळा.

शाकाहारी असून अंडं खाणाऱ्यांसाठी चिनी लसूणपात आणि अंड्याचं सारण करा. माझं हेच आवडतं आहे. चार अंडी परतून पूर्ण गार करा. २०० ग्रॅम पात आणि भिजवलेल्या थोड्या मुगाच्या शेवया बारीक चिरा. पातीला आधी तेल चोळा आणि मीठ अगदी शेवटी, भरायला बसताना घाला, म्हणजे पाणी सुटत नाही. अंडं नको असेल तर टोफू आणि मश्रूम घ्या. दोन्ही सारणांची भांडी, चमचे आणि शिजवायची पातेली वेगळी ठेवा. शाकाहारी ज्याओझची मिटणी वेगळी करा, नाहीतर ताटात ओळखू येत नाहीत.

आता पाहुणे. पिठाची लांब वळी करून १०-१२ ग्रॅमचे तुकडे कापा, साठेक होतात. लाटायचं काम सवय असलेल्या एकाकडे द्या, बाकीच्यांना भरायला बसवा. डाव्या हाताने चकती फिरवत राहायची, उजव्या हाताने लाटणं कडेपासून मध्यापर्यंतच न्यायचं आणि मागे घ्यायचं. मध्य जाड, कडा पातळ. उकडीच्या मोदकाची पारी ज्यांच्या हातात बसली आहे, त्यांना हे चटकन जमेल. लाटणं नसेल तर काचेची रिकामी बाटली चालते. मध्यभागी चमचाभर सारण ठेवा, अर्धचंद्रासारखं मिटा आणि कडा चिमटून घट्ट बंद करा. नवख्यांना चुण्यांचा आग्रह करू नका. वेडेवाकडे झाले तरी फुटले नाहीत म्हणजे झालं. पीठ भुरभुरलेल्या ताटात ते सुटे ठेवा.

शिजवणं. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळून उकळा. ज्याओझ सोडले की लगेच झाऱ्याच्या पाठीने हळूच ढकला, म्हणजे तळाला चिकटत नाहीत. उकळी आली की कपभर गार पाणी घाला. मांसाच्या सारणाला असं तीनदा करायचं, अंड्याच्या सारणाला एकदा-दोनदा पुरे. त्यामुळे बाहेरची पारी न फाटता आतलं शिजतं. फुगून वर तरंगले की एक कापून बघा. मांस आत गुलाबी दिसलं तर आणखी शिजवा.

सोबत झेंजियांगचं काळं व्हिनेगर, थोडा सोया सॉस आणि ठेचलेला लसूण. सगळे घाणे होईपर्यंत कुणाला ताटकळत ठेवू नका, गरम निघतील तसे खा. पातेल्यातलं पाणीही टाकायचं नाही. उत्तर चीनमध्ये जेवणाच्या शेवटी ते वाटीत घेऊन पितात.

उरलेले कच्चे ज्याओझ ताटातच सुटे गोठवा, कडक झाले की पिशवीत भरा आणि जाताना पाहुण्यांना वाटून द्या. घर जवळ असेल तरच, कारण वितळले की पारी ओली होऊन चिकटते. खाताना गोठलेलेच उकळत्या पाण्यात सोडायचे, फक्त दोन-तीन मिनिटं जास्त ठेवायचे.