लॅटिन प्रार्थनेच्या भाषांतरावरून भांडायच्या आधी हे करून बघा

इंदूरला आपल्या मराठी कॅथलिक घरांत प्रार्थनेची भाषा एक नसते, रोझरी (जपमाळ) मराठीत, रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) हिंदीत, मुलांची प्रार्थना शाळेतली इंग्लिश, त्यामुळे नाताळात वसईचे नातेवाईक आले की "हे भाषांतर बरोबर की ते" हा विषय निघतोच. निघू दे, पण आधी ज्यावरून ही भाषांतरं झाली ती मूळ लॅटिन ओळ समोर ठेवा. लॅटिन यायला लागत नाही.

मिस्सेत कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या, आधीची ओळ घ्या: दोमिने, नॉन सुम दिग्नुस उत इन्त्रेस सुब तेक्तुम मेउम, सेद तान्तुम दिक वेर्बो एत सानाबितुर आनिमा मेआ. तेक्तुम म्हणजे छप्पर, आनिमा म्हणजे आत्मा. प्रभो, तू माझ्या छपराखाली यावंस एवढी माझी लायकी नाही, पण तू नुसता शब्द बोल आणि माझा आत्मा बरा होईल, झाला अर्थ. आता घरातली सगळी पुस्तकं काढा आणि त्यात छप्पर आणि आत्मा आहेत का एवढंच शोधा. जुन्या इंग्लिश भाषांतरात दोन्ही नव्हते, 2011 च्या भाषांतरात परत आले. मग बायबलमधलं मत्तय 8:8 वाचा, तिथे हे शताधिपती, म्हणजे रोमन सैन्यातला अधिकारी, येशूला बोलतो, त्याचा चाकर घरी आजारी पडलाय, प्रार्थनेत चाकराच्या जागी आपला आत्मा आला. मला छप्पर गाळलेलं अजिबात पटत नाही, ते गेलं की तो शताधिपतीच ओळीतून जातो.

पण ज्यांनी गाळलं त्यांना अडाणी म्हणू नका. 1969 मध्ये रोमच्याच सूचना होत्या की अर्थ लोकांपर्यंत पोचू दे, 2001 मध्ये सांगितलं की लॅटिन शब्दांना धरून राहा, आणि 2017 मध्ये पोप फ्रान्सिसनी भाषांतराची जास्त जबाबदारी बिशपांच्या परिषदांना दिली. म्हणून पुस्तकाचं पहिलं पान उघडून छपाईचं साल आधी बघा, अर्धा वाद तिथेच मिटतो.

दुसरा घोळ म्हणजे "व्हॅटिकननी लॅटिन बंद केली". नाही केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 च्या उपासनेवरच्या दस्तऐवजात लॅटिन जपा असं स्पष्ट आहे, लोकभाषेला जागा द्या हेही आहे. 2021 मध्ये बंधनं आली ती 1962 च्या जुन्या मिस्सा पुस्तकावर, त्याला बिशपांची परवानगी लागते. आजचीच मिस्सा लॅटिनमध्ये म्हणायला काही हरकत नाही, भाषा वेगळी आणि पुस्तक वेगळं, हे दोन्ही एकात घालून भांडलं तर रात्र सरेल पण काही निघणार नाही.

लॅटिन हवीच असेल तर फादरांकडे एकदम अख्खी मिस्सा मागू नका, सांक्तुस ("पवित्र, पवित्र") किंवा आग्नुस देई ("देवाचा कोकरा") या छोट्या प्रार्थना एवढंच मागा, आणि शब्द देवनागरीत छापून, खाली मराठी-हिंदी अर्थ देऊन, आदल्या रविवारीच सगळ्यांच्या हातात द्या म्हणजे म्हाताऱ्यांनाही म्हणता येईल. आणि चर्चमध्ये मात्र समोरच्या पुस्तकात जे छापलंय तेच सगळ्यांबरोबर म्हणा, स्वतःचं दुरुस्त केलेलं मोठ्यानं म्हणू नका, शेजारच्याची प्रार्थना मोडते.